भिंतीपासून वीतभर

सोमवार, ३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. इकडे सगळे ठणठणीत आहेत. आईचा गुडघा आता कुरकुर कमी करतो, आई मात्र तेवढीच करते. माझ्या नवऱ्याच्या शाळेत परीक्षांची धांदल आहे, त्यामुळे घरात सगळीकडे उत्तरपत्रिका पसरल्या आहेत. झालं, खुशाली संपली. पुढे सगळं भांडण आहे, तेव्हा चहा घेऊन बस.

एकाच इमारतीत बसतो आपण. तुझी केबिन माझ्या डोक्यावर दोन मजले. तरी हे पत्र मी वहिनीच्या हाती देतेय, कारण ऑफिसच्या मेल तुझी सेक्रेटरी आधी वाचते आणि तुला त्यातले मुद्दे काढून देते. माझ्या रागाचे कुणी मुद्दे काढलेले मला चालणार नाहीत. अख्खा राग वाच.

शुक्रवारच्या बैठकीत तू उघडणीचं टेबल बंद केलंस. म्हणजे एका रंगीत तक्त्यावर लाल फुली दाखवलीस आणि पुढच्या विषयाकडे वळलास. "परत आलेलं एक ऑक्सिजनचं मशीन उघडायला सात-आठ माणसं अर्धा दिवस उभी राहतात. तेवढ्यात दीड नवं मशीन तयार होतं. त्यापेक्षा ग्राहकाला नवं पाठवा आणि जुनं थेट भंगारात टाका." खरेदीवाल्याने अशी मान डोलावली की मला वाटलं निखळून पडते आता.

मी विचारलं, "दीड मशीन कुणाच्या नाकाला लावायचं?" सगळे हसले. तू हसला नाहीस. तू म्हणालास, "मॅडम, आपण आकड्यांवर बोलू या."

मॅडम! लहानपणी मी घरातली प्रत्येक वस्तू उघडून बसायची म्हणून बाबा मला पान्हा म्हणायचे. तू दुकानातून आणलेल्या पेन्सिलीचीसुद्धा चिठ्ठी खिशात जपायचास म्हणून तू पावती. मग पावतीने पान्ह्याला चारचौघांत मॅडम म्हणावं? माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिथेच उठून गेले असते, पण मग तू म्हणाला असतास की इंजिनियर लोक भावनाप्रधान असतात.

तू काय बंद केलंस हे तुला समजावून सांगायची पाळी माझ्यावर यावी, याचंच वाईट वाटतं. पण गेली कित्येक वर्षं तू तळमजल्यावर उतरलेला नाहीस, म्हणून सांगते. कुणाच्या घरून ऑक्सिजनचं मशीन परत आलं की बाबा ते हॉलमधल्या लांब टेबलावर ठेवायला लावायचे. आधी त्या घरी फोन करायचा. मशीन कुठे ठेवलं होतं, कोण वापरत होतं, बंद पडलं तेव्हा घरात काय चाललं होतं, सगळं विचारायचं. ही चौकशी झाल्याशिवाय स्क्रूला हात लावायची कुणालाही परवानगी नव्हती. मग ज्याने तो भाग आखला असेल त्यानेच, सगळ्यांच्या देखत, मशीन उघडायचं. चूक ज्याची निघेल तो खजील व्हायचा, बाकीचे त्याची थट्टा करायचे आणि पुढच्या खेपेला ती चूक नसायची. मी कामाला लागले त्या वर्षी माझाच पंप माझ्यासमोर उघडला होता. माझे कान लाल झाले होते, आणि बाबा तो किस्सा पुढे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले.

तुला हिशेब कळतो हे मी कधीच नाकारलं नाही. बाबांना मशीन कळायचं, पण बिल करायला ते विसरायचे. शेवटच्या वर्षांत कंपनी बुडायच्या बेतात होती आणि ती तूच वर काढलीस. मला तेव्हा तुझा अभिमान वाटला होता आणि आजही वाटतो. पण वर काढता काढता तू सगळ्या कंपनीकडे तक्त्यातूनच बघायला लागलास. तक्त्यात टेबलाचा खर्च दिसतो. टेबलामुळे जे घडत नाही ते दिसणार कसं? त्याला रकाना नाही.

खुर्ची तुला देताना बाबा म्हणाले होते, "मशीन सांभाळायला ती आहे. तिला खुर्चीत अडकवू नकोस." ते माझं कौतुक होतं की मला बाजूला ठेवायची गोड रीत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. असो. जुनं उकरत नाही.

आठवड्यातून एक दिवस तरी टेबल चालू दे. माणसं मी माझ्या विभागातली देते, चहासुद्धा माझ्या खर्चाने पाजते. आणखी काय करू सांग.

हो, एक राहिलं. काका परवा माझ्याकडे येऊन गेले. बाबांचे भागीदार असूनही ते कधी माझ्या खोलीत डोकावत नाहीत, म्हणून मलाही नवल वाटलं. आईची चौकशी केली, चहा घेतला आणि गेले. विशेष असं काही नाही.

वहिनीला सांगून ठेवलंय, पत्र तुझ्या हातात दिल्यावर वाचून होईपर्यंत समोरून हलू नकोस.

तुझा चिडलेला
पान्हा


रविवार, ९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीचा खोकला कसा आहे? आई म्हणते वाफ घे, मी म्हणते डॉक्टरकडे जा. दोघींचंही ऐकणार नाही हे माहीत आहे.

तुझं उत्तर पोचलं. उत्तर म्हणजे सेक्रेटरीने पाठवलेल्या दोन ओळी. "आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे." दादा, कळायला लागल्यापासून मी तुझ्याशी भांडतेय. तू माझी वेणी ओढलीस, डबा पळवलास, आठवडाभर अबोला धरलास, पण नोंद कधी घेतली नव्हतीस. मी तो कागद फाडला, मग तुकडे जोडून पुन्हा वाचला आणि पुन्हा फाडला.

आणि काकांचं नि माझं काय बोलणं झालं, हे तू वहिनीला विचारायला लावलंस. काही नाही रे. हवापाण्याच्या गप्पा. तेवढं मनात धरू नकोस.

आता मी काय उद्योग केला ते ऐक. रागवायचं असेल तर सगळं वाचून झाल्यावर रागव. मी भंगारवाल्याशी संधान बांधलंय. मागच्या दाराने जी परत आलेली मशीनं तो घेऊन जातो, त्यातली काही तो माझ्या गाडीत ठेवतो. मी ती घरी आणते आणि जेवणाच्या टेबलावर उघडते. नवरा पहिल्या दिवशी ताट हातात घेऊन उभ्याने जेवला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "आजही उभ्यानेच जेवायचं का?"

खरं सांगू? मी तुझी चोरी पकडायला बसले होते. सगळी परत आलेली मशीनं नव्या मॉडेलची होती. तेच, ज्याला कारखान्यात सगळे बारकी म्हणतात. तुला खोका लहान हवा होता, ट्रकमध्ये जास्त मशीनं बसावीत म्हणून. त्यासाठी मी हवा आत घेण्याच्या फटी दोन्ही बाजूंवरून काढून पाठीवर नेल्या. पूर्वी अलार्मला स्वतःची छोटी बॅटरी असायची, तीही आपण काढली. काढावी ही सूचना तुझी, खाली "चालेल" असं लिहिणारी मी. पण मला वाटत होतं की याशिवाय तू आणखी कुठेतरी हात आखडता घेतला असणार. एखादी हलकी मोटर, एखादा स्वस्त जोड. तो सापडला की तुझ्या तक्त्यावर नेऊन आपटायचा, असं मी ठरवलंच होतं.

काहीही सापडलं नाही. एकेक मशीन सुटं केलं, तपासलं, पुन्हा जोडलं, चालू केलं. सगळी ठणठणीत. कागदावर काय शेरा, तर "बंद पडले". आणि माझ्या घरात घरघर करत मजेत चालतायत. मी चिडून स्क्रू ड्रायव्हर फेकला. म्हणजे तुझंच बरोबर? म्हणजे लोक उगाच परत करतात आणि आपण उगाच उघडत होतो? तुझं बरोबर निघणं मला इतकं झोंबलं की मी दोन दिवस त्या मशीनांकडे पाहिलंही नाही.

आज दुपारी जेवायला बसलो. एक मशीन टेबलावर तसंच चालू होतं. नवऱ्याने ताटं ठेवायला जागा हवी म्हणून ते मागे भिंतीकडे सरकवलं आणि आम्ही जेवायला लागलो. तो शाळेतल्या कुणाच्या तरी गमती सांगत होता, मी हसत होते. जेवण संपत आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की खोली फार शांत झालीय. मशीन बंद पडलं होतं. अलार्म नाही, दिवा नाही, काही नाही. मी पाठीवर हात लावला तर चटका बसला.

दादा, एवढं साधं होतं. पाठ भिंतीला टेकली की हवेच्या फटी बंद होतात. मशीन तापतं. तापलं की आतला स्विच सगळी वीज तोडतो, आणि अलार्म त्याच विजेवर असल्यामुळे तोही मुका होतो. मग मशीन खोक्यात घालून आपल्याकडे येईपर्यंत थंड होतं आणि नव्यासारखं चालतं. तू अख्खं मशीन फोडून तुकडे केलेस तरी त्यात दोष सापडणार नाही. तो दोष त्या घरातच राहतो. म्हणून बाबा आधी फोन करायला लावायचे. आणि मी, जी टेबलासाठी तुझ्याशी भांडत होते, मीच फोन न करता थेट स्क्रूला हात घातला. मला मशीनमधला दोष नकोच होता. मला तुझा दोष हवा होता.

मग मी त्या मशीनच्या घरचा नंबर शोधून फोन लावला. एका निवृत्त पोस्टमास्तरांनी उचलला. मशीन त्यांच्या बायकोसाठी होतं.

"मशीन कुठे ठेवलं होतं हो?"

"पलंगाशेजारी. भिंतीला चिकटवून. मला कमी दिसतं ना, वाटेत काही असलं की पाय अडकतो."

"बंद पडलं हे कसं कळलं?"

"मी स्वयंपाकघरात भाजी निवडत होतो. घरघर थांबली. आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, दिवसभर ती घरघर डोकं उठवते. मग विचार केला, बंद कुणी केलं? तिचा तर हात उचलत नाही. गेलो तर ओठ निळे पडलेले. सिलिंडर होता कोपऱ्यात, म्हणून निभावलं."

"तक्रार केलीत तेव्हा हे सांगितलं नाहीत?"

"कुणी विचारलंच नाही, बाई. लगेच नवं पाठवलं तुम्ही. फार चांगली माणसं आहात."

मी विचारलं, "नवं कुठे ठेवलंय?"

"तिथेच."

फोन चालू ठेवून मी त्यांना मशीन वीतभर पुढे ओढायला लावलं. ओढताना त्यांची काठी पडल्याचा आवाज आला. त्यांनी तीनतीनदा आभार मानले आणि मला रडू फुटलं.

उद्या सकाळी दहाला मी वर येतेय. सेक्रेटरीला सांगून ठेव, नाहीतर ती मला पुढच्या आठवड्यातली वेळ देईल.

धाकटी


मंगळवार, १८ मार्च

दादा,

आज खुशाली विचारत नाही. हे पत्र वहिनीकडेही देत नाही. स्वतः वर येऊन तुझ्या टेबलावर ठेवतेय. तू बँकेत गेला आहेस असं सेक्रेटरी म्हणाली. आलास की सगळ्यात आधी हे वाच.

मागच्या आठवड्यात सोमवारी मी तुझ्या केबिनमध्ये मशीन भिंतीला टेकवून दाखवलं. ते बंद पडेपर्यंत आपण दोघं त्याच्याकडे बघत बसलो होतो. ते मुकं झालं तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला. तुला कळलं होतं. तुला कळलं नाही असं मी कधीच म्हणणार नाही.

मग तू म्हणालास, "स्टिकर लावू. भिंतीपासून अंतर ठेवा म्हणून."

"आणि जी घराघरांत चालू आहेत, त्यांना स्टिकर कोण लावणार?"

"महिनाअखेर बँकेचं कर्ज मंजूर होऊ दे, मग एकेकाला कळवू. आत्ता बभ्रा झाला तर बँक हात वर करेल. पगार होणार नाहीत, कळतंय का तुला? तुझ्या डोळ्यांसमोर एक म्हातारा आहे. माझ्या डोळ्यांसमोर खाली काम करणारी सगळी घरं आहेत."

मी ओरडले. तूही ओरडलास. सेक्रेटरीने दार उघडून पुन्हा लावून घेतलं. तू खोटं बोलत नव्हतास, आणि मला त्याचाच जास्त संताप आला. तू नुसता लोभी असतास तर किती सोपं झालं असतं. तू घाबरला होतास, आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच करत होतास. समोर दिसणाऱ्या आकड्याला घट्ट धरून बसलास.

आता जे मी दोन पत्रांत टाळलं ते सांगते. फेब्रुवारीत काका आईची चौकशी करायला आले नव्हते. ते म्हणाले, "तुझा दादा मशीन विसरला. कंपनी मशीनवर चालते. मार्चअखेर भागीदारांच्या सभेत मी प्रमुख म्हणून तुझं नाव पुढे करतो." मी त्यांना हो म्हटलं नाही. पण नाहीसुद्धा म्हटलं नाही. चहात साखर किती, एवढंच विचारलं.

मला ती खुर्ची हवी होती. बाबांनी तुझं नाव घेतलं त्या दिवसापासून हवी होती. तुझ्याशी टेबलावरून भांडत होते तेव्हाही, आतून कुठेतरी, तू चुकत जावास असंच मला वाटत होतं. हे लिहायला मला फार जड जातंय, पण खरं आहे.

तुझ्या केबिनमधून तरातरा निघाले ती थेट काकांकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, हा माणूस बाबांबरोबर त्या टेबलाशी उभा राहिलेला आहे, हा तरी फोन उचलेल. ते ऐकून घेतलं त्यांनी आणि म्हणाले, "उत्तम झालं." उत्तम! आणि पुढे, "हे सभेत मांडू. आत्ता तू फोन सुरू केलेस तर तो म्हणेल मीच करायला लावले, आणि सगळं श्रेय घेऊन मोकळा होईल. थोडी कळ काढ. आधी खुर्चीवर बस, मग फोन कर."

तुझं आणि काकांचं म्हणणं अक्षरशः एकच होतं, दादा. महिनाअखेरपर्यंत गप्प राहायचं. तू हिशेबाचा माणूस, ते मशीनचे. मी आजवर समजत होते की आपल्या दोन मजल्यांमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर आहे. वर पैसा, खाली माणसं. मूर्ख होते मी.

आणि मी काय केलं? मी कळ काढली. आठवडाभर तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. पोस्टमास्तरांचं मशीन पुढे ओढलं होतं, त्याच्यावरच समाधान मानलं. रोज कामावर येत होते, नव्या बॅटरीचा आराखडा करत होते, म्हणजे मी काहीतरी करतेय असं स्वतःला सांगता यायचं. एकदा तर तुझी केबिन रिकामी होती तेव्हा मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले आणि तुझं टेबल कुठे हलवता येईल ते बघत होते. हेही सांगून टाकते.

काल नवऱ्याने विचारलं, "झाले का सगळे फोन?" त्याने गृहीतच धरलं होतं की मी करत असणार. मला त्याच्याकडे बघवलं नाही.

आज सकाळी मी हॉलमध्ये माझ्या सगळ्या लोकांना बोलावलं, बारकी जिथे जिथे गेलीय त्या घरांचे नंबर वाटले आणि फोन सुरू केले. तुला विचारलं नाही. काकांनाही नाही. कुणी काय बोलायचं ते ठरवून दिलं. मशीन कुठे आहे, भिंतीला टेकलंय का, फोन चालू असतानाच वीतभर पुढे ओढा. एका आजीने मला टेलिफोन कंपनी समजून बिलाची तक्रार ऐकवली. मी सगळी ऐकून घेतली, मग त्यांनी मशीन ओढलं. एक गृहस्थ भडकले, "तुमच्यामुळे आता माझं कपाट उघडत नाही." त्यांना म्हटलं, कपाट हलवा. कितीतरी घरांत मशीन भिंतीलाच टेकलेलं होतं. लोक रागावले, घाबरले, काहींनी आशीर्वाद दिले. माझ्या विभागातला सगळ्यात बडबड्या माणूस दुपारपर्यंत एक विनोद करू शकला नाही.

मग एका घरी मी स्वतः लावला. एका बाईने उचलला. मी आमच्या कंपनीचं नाव सांगितलं.

ती म्हणाली, "बरं झालं फोन केलात. मशीन घेऊन जा आता, खोली अडून राहिलीय. सासूबाई गेल्या."

"कधी?"

"गेल्या गुरुवारी. दुपारी. आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत होतो, आम्हाला कळलंसुद्धा नाही. शांतपणे गेल्या."

मला पुढचा प्रश्न विचारता आला नाही. मशीन कुठे ठेवलं होतं. एवढंच विचारायचं होतं, सकाळपासून पन्नास लोकांना विचारलं होतं. माणूस पाठवते म्हणाले आणि फोन ठेवला.

कदाचित वय झालं असेल. कदाचित मशीन पलंगापासून चांगलं दोन हात दूर असेल आणि त्यांची वेळच आली असेल. मला माहीत नाही. एवढंच माहीत आहे की सोमवारी तुला कळलं होतं, मला कळलं होतं, काकांना कळलं होतं. आणि त्या गुरुवारी गेल्या.

त्या घरी अजून कुणाला शंका नाही. मशीन निमूट परत येईल, थंड होऊन आलेलं असेल, चालू केलं तर चालेल. त्यावर "दोष नाही" असा शेरा पडेल. आपण तिघं गप्प राहिलो तर हे कधीही कुणाला कळणार नाही. तू हे वाचताना तुझ्याही मनात हे येईल, म्हणून आधीच लिहून ठेवते. माझ्या मनात आलं होतं.

तिला पुन्हा फोन करायचा आहे, आणि तो कंपनीच्या प्रमुखाने करायचा आहे. मशीन कुठे होतं ते विचारायचं, बंद कशामुळे पडू शकतं ते सांगायचं, आणि आपल्याला कधीपासून माहीत होतं तेही सांगायचं. शेवटचं सगळ्यात आधी सांगितलंस तरी चालेल. बँकेचं काय होईल मला माहीत नाही. कदाचित तू म्हणतोस तसंच होईल. पगार अडले तर खाली हॉलमध्ये जाऊन लोकांना मी सांगेन, तू एकटा जाऊ नकोस.

काकांना मी अजून उत्तर दिलेलं नाही. तू हा फोन केलास तर मी आजच त्यांना नाही म्हणून कळवते आणि सभेत तुझ्या शेजारी बसते. नाही केलास तर त्यांना हो म्हणते, आणि सभेची वाट न पाहता, होणारी प्रमुख म्हणून तो फोन आज संध्याकाळी मीच करते. धमकी देत नाहीये. दादा, मला आता ती खुर्ची नको आहे. पण ती फोन न करणाऱ्या कुणाच्या ताब्यात राहावी, हेही मला सोसणार नाही.

करशील तेव्हा मला वर बोलाव. गुरुवारी मीही गप्प होते, हे त्या बाईंना माझ्या तोंडून कळायला हवं.

नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे. आज त्या घरीच आहेत.

तुझी बहीण